अमेरिकेचा इतिहास नववीच्या वर्गात : लेकी बोले, सुने लागे

(नाशिक येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘अमेरिकेचा इतिहास’ हा विषय पाहून दोघी-तिघींनी मला विचारले, “अगं, हुंडा, बालविवाह, रेशन हे सगळं संपलं का, की तू आता अमेरिकेला निघालीस?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज इथे द्यायचा प्रयत्न करते.

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर मी नाशिकच्या वस्त्यांमध्ये काम करू लागले. त्याचाच भाग म्हणून एका शाळेत नववीच्या वर्गावर आठवड्याला एक तास घेते. वर्गात मुली आहेत, मुलगेही आहेत. कुणाचे वडील सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी, कुणी द्राक्षबागेत मजुरीला जाणारे. काही कुटुंबे पेठ-सुरगाण्याकडून पोटासाठी शहरात आलेली. बऱ्याच जणांची गावाकडे एक-दोन एकर जमीन अजून आहे.

अशा वर्गात ‘वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा’ असे फळ्यावर लिहिले की काय होते, हे तुम्ही सगळ्या जाणता. मुली खाली मान घालतात. मुलगे एकमेकांना कोपर मारतात. कारण तो प्रश्न सरळ प्रत्येकाच्या घरात शिरतो. चौदा वर्षांच्या मुलीने चारचौघांत आपल्या बापाबद्दल, भावाबद्दल बोलायचे तरी कसे? आपल्याकडे म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. घराघरांतून ही म्हण सुनेला टोचण्यासाठी वापरली गेली. मी ती चांगल्या कामासाठी वापरते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेबद्दल बोलताना कुणाचा बाप मध्ये येत नाही, कुणाचा भाऊ रागावत नाही. मुले मोकळेपणाने बोलतात आणि बोलता बोलता आपोआप स्वतःच्या उंबऱ्याशी येऊन थांबतात.

या विषयाला मी पाच तास देते. फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न पाचही तास तसेच ठेवते. हे कुणी लिहिले? कुणाला वगळले? वगळलेल्यांनी काय केले?

पहिला तास १७७६ सालाचा. समुद्राच्या काठाने इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. त्यांच्यावर कर बसवायचा लंडनच्या पार्लमेंटने, आणि त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नाही. भांडण पेटले, युद्ध सुरू झाले आणि ४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियात वसाहतींच्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. सगळी माणसे जन्मतः समान आहेत, राज्यकर्त्याचा अधिकार प्रजेच्या संमतीतून येतो, आणि सरकार लोकांचे हक्क तुडवू लागले तर ते बदलण्याचा लोकांना अधिकार आहे, असे त्याचे सार. हे मी मुलांना आधी मनापासून सांगते. राजा देवाने नेमलेला असतो असे मानण्याच्या काळात हे बोलणे साधे नव्हते. त्याची ताकद आधी कळली पाहिजे, टीका नंतर.

मग पहिला प्रश्न. कुणी लिहिले? मसुदा थॉमस जेफर्सनचा. या जेफर्सनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम होती. गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष देणारा एक परिच्छेद त्याने मसुद्यात घातला होता, तो प्रतिनिधींनी काढून टाकला. ज्यांची ती भूमी मुळात होती त्या आदिवासी लोकांचा उल्लेख जाहीरनाम्यात आहे, पण रानटी म्हणून. सुरगाण्याकडच्या मुली हे ऐकून एकमेकींकडे पाहतात. आणि स्त्रियांचा उल्लेखच नाही.

बोलणारी बाई मात्र होती. अबिगेल अ‍ॅडम्स. नवरा जॉन अ‍ॅडम्स फिलाडेल्फियाच्या सभेत बसलेला, ही मागे मॅसॅच्युसेट्समध्ये मुले आणि शेती सांभाळणारी. ३१ मार्च १७७६ रोजी तिने त्याला पत्र लिहिले. नवे कायदे करताना बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता देऊ नका, नाहीतर ज्या कायद्यांत आम्हाला आवाज नाही ते कायदे आम्ही पाळणार नाही, अशा आशयाचे. नवऱ्याने उलट टपाली कळवले की हे वाचून आपल्याला हसू आवरत नाही. हा गृहस्थ पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. माझ्या वर्गातली एक मुलगी यावर म्हणाली, “ताई, तो चिडला असता तर काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. हसण्यावारी नेलं की उत्तरच द्यावं लागत नाही.” ग्रामपंचायतीच्या सभेत उभ्या राहून बोललेल्या आपल्यातल्या कितीजणींना हा अनुभव आहे!

दुसरा तास बेटचा. पुस्तकांत राष्ट्राध्यक्षांची नावे असतात, बेटचे क्वचित असते. मॅसॅच्युसेट्समधल्या एका श्रीमंत घरात ती गुलाम होती. लिहायला-वाचायला येत नव्हते. १७८० साली त्या राज्याने आपली राज्यघटना केली आणि तीत सगळे लोक जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असे म्हटले. हे शब्द बेटच्या कानावर पडले. तिने एका वकिलाला गाठले. सगळे म्हणजे मीही नाही का, एवढाच तिचा मुद्दा. १७८१ साली बेट आणि ब्रॉम नावाचा एक गुलाम पुरुष यांचा दावा न्यायालयात उभा राहिला आणि ज्यूरीने दोघांना स्वतंत्र ठरवले. पुढे बेटने स्वतःसाठी नाव घेतले एलिझाबेथ फ्रीमन, म्हणजे स्वतंत्र माणूस. त्या राज्यातली गुलामी संपण्याला या खटल्याने मोठा हातभार लावला.

बेटची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगते. ज्यांनी ते शब्द लिहिले त्यांच्या डोक्यात बेट नव्हती. पण शब्द एकदा जाहीर झाले की ते लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाहीत. आणि अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कायदा कळतो, मात्र तो तिच्या कानावर पडला पाहिजे. आपण बचतगटाच्या बैठकीत कायदा मोठ्याने वाचतो, तो याचसाठी.

याच तासात १७८७ ची अमेरिकेची राज्यघटना येते. फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी जमले, त्यांपैकी ३९ जणांनी सह्या केल्या. सगळे पुरुष, सगळे गोरे. प्रतिनिधिगृहात कुठल्या राज्याला किती जागा हे लोकसंख्येवर ठरणार होते. मग गुलाम मोजायचे की नाही? तडजोड झाली की पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरायची. गुलामांना मत नाही, पण त्यांच्या संख्येमुळे मालकांच्या राज्यांना जागा जास्त. गणितात हुशार असलेला एक मुलगा वहीत आकडेमोड करून म्हणाला, “म्हणजे मोजायला आहेत, मत द्यायला नाहीत.” मी लगेच विचारले, आपल्याकडे असे कुठे होते? थोड्या वेळाने एक मुलगी बोलली, “गावाला ग्रामसभेचं रजिस्टर घरी येतं. आजी अंगठा देते. सभेला आजोबा जातात.”

तिसरा तास न्यू जर्सीचा, आणि तोच सगळ्यात गाजतो. न्यू जर्सी राज्याच्या १७७६ च्या घटनेत लिहिले होते की पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या सर्व रहिवाशांना मत. पुरुष हा शब्दच नव्हता. पुढच्या निवडणूक कायद्यांत तर ‘तो किंवा ती’ असे स्पष्ट आले. तिथल्या बायका खरोखर मतदान करत होत्या. मालमत्ता असलेले स्वतंत्र काळे लोकही करत होते. पण कुठल्या बायका? विधवा आणि अविवाहित. लग्न झालेलीची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होत असे. पन्नास पौंड तिचे नाहीत, म्हणून मतही नाही. मग १८०७ साली निवडणुकांतल्या गैरप्रकारांचे कारण पुढे करून नवा कायदा झाला. मतदार म्हणजे फक्त कर भरणारा स्वतंत्र गोरा पुरुष. त्याच कायद्याने गरीब गोऱ्या पुरुषांसाठी पन्नास पौंडांची अट सैल केली. एकाला दार उघडायचे आणि त्याच हाताने दुसरीच्या तोंडावर ते लावायचे, ही युक्ती आपल्या ओळखीची आहे.

या तासाला मुले दोन गोष्टी शिकतात. मिळालेला हक्क काढूनही घेतला जातो. आणि मालमत्ता नावावर नसली की बाकीचे हक्क लुळे पडतात. इथून नाशिक जिल्हा दूर नाही. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याच चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. लाखाच्या घरात बाया जमल्या होत्या. त्यानंतर काही वर्षांनी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, शेतकऱ्याने जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करून द्यायचा. अनेक गावांत तसे सातबारे झाले. वर्गातल्या मुलांच्या आज्या-आजोबांच्या काळातली ही गोष्ट, पण मुलांना ती कुणी सांगितलेली नसते.

मग मी वारसा कायद्याकडे वळते आणि तोच दुसरा प्रश्न विचारते. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, केंद्राच्या अकरा वर्षे आधी. कुणाला वगळले? त्या दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुलींना. २००५ साली केंद्राने कायदा बदलला तेव्हा ही लग्नाची अट राहिली नाही. तरी वडील त्या वेळी हयात असायला हवेत की नको, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्क जन्माने मिळतो, वडील हयात असण्याची गरज नाही. म्हणजे कागदावरचे एकेक कुंपण काढायला सव्वीस वर्षे लागली. आणि कागदावरचे कुंपण निघाले तरी तलाठी कार्यालयात हक्कसोडपत्र तयारच असते. बहिणीला साडी-चोळी करायची, दोन दिवस माहेरपण करायचे आणि तिसऱ्या दिवशी सहीला न्यायचे. शहराच्या आसपास जमिनीचे भाव चढले, रस्ते आले, तशी ही बोलावणी वाढली.

एका मुलाने या तासाला उठून सांगितले, “ताई, बहिणीने वाटा मागितला की माहेर तुटतं.” त्याला गप्प बसवायचे नसते. तो खोटे बोलत नव्हता, घरात ऐकलेले बोलत होता. त्याच्या मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “भावाभावांत वाटणी होते तेव्हा काही तुटत नाही का? तेव्हा तर मोजणी होऊन दगड रोवतात.” त्या दिवशी मी सगळ्यांना घरचा किंवा गावचा सातबारा बघून यायला सांगितले. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा म्हणाला, “आत्याचं नाव आहे, पण त्याला कंस केलाय.” तुम्हाला ठाऊक आहे, सातबाऱ्यावरचे नाव कमी करतात तेव्हा ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नाव तर दिसते, हक्क गेलेला असतो. मुलाने स्वतःच पुढे जोडले, “१८०७ साली न्यू जर्सीत बायकांना कंस केला.” मैत्रिणींनो, कुठल्याही भाषणाने हे त्याच्या तोंडून निघाले नसते.

त्याच तासाला आदिवासी मुलींना मी आणखी एक गोष्ट सांगते. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहित जोडप्याचा पट्टा दोघांच्या नावावर करायचा असे स्पष्ट लिहिले आहे. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या मोर्चात वनजमिनीची मागणी होती, आणि पायाला फोड आलेल्या कितीतरी बाया त्यात होत्या. घरी गेल्यावर पट्टा कुणाच्या नावावर आहे ते बघा, एवढेच मी मुलींना सांगते.

चौथा तास १८४८ सालाचा. जुलै महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या गावी स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि तिच्या मैत्रिणींनी तिथे १७७६ चाच जाहीरनामा घेतला, त्याचा साचा तसाच ठेवला आणि ‘सगळे पुरुष’ याच्या जोडीला ‘आणि स्त्रिया’ असे घातले. राजाच्या अन्यायाची जशी यादी होती, तशी पुरुषांनी केलेल्या अन्यायाची यादी दिली. ६८ स्त्रियांनी आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. मताची मागणी फार पुढची आहे असे तिथेही काहींना वाटत होते. तिला खंबीर पाठिंबा दिला फ्रेडरिक डग्लस यांनी, जे स्वतः गुलामीतून निसटून आलेले होते.

त्याच १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देऊ नका. जोतीरावांनी तरुणपणी थॉमस पेनचे माणसाच्या हक्कांवरचे पुस्तक वाचले होते. हा पेन म्हणजे १७७६ च्या जानेवारीत पत्रक काढून अमेरिकेतल्या सामान्य माणसाला स्वातंत्र्याच्या बाजूने उभा करणारा. पुढे १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केले. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशात हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. त्यात तिथल्या राज्यव्यवस्थेवर आणि स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. तेव्हा अमेरिकेचा इतिहास परका म्हणून बाजूला सारणाऱ्या मैत्रिणींना मी सांगते, की तो आपल्याच माणसांनी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत आणून ठेवला आहे. तो देश मोठा म्हणून त्यांनी आणला नाही. आपल्या बेड्या कुठे आहेत हे दाखवायला आणला.

या तासाच्या शेवटी मुले स्वतःचा जाहीरनामा लिहितात. गेल्या खेपेला मुलींच्या यादीत पहिली तक्रार संडासाच्या कडीची होती. दुसरी, घरी भाऊ असताना पाणी भरायला आम्हीच का. मुलग्यांनी लिहिले, रडलो तर बायल्या म्हणतात.

पाचवा तास आपल्या राज्यघटनेचा. अमेरिकेत देशभरातल्या स्त्रियांच्या मताला घटनेचे संरक्षण मिळाले १९२० साली, म्हणजे जाहीरनाम्यानंतर १४४ वर्षांनी. दक्षिणेतल्या काळ्या स्त्रियांना ते प्रत्यक्षात वापरण्यासाठी १९६५ च्या कायद्यापर्यंत झगडावे लागले. आपल्याकडे १९५० साली घटना लागू झाली तेव्हा प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला एकदमच मताचा अधिकार मिळाला. ज्यांना नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार बंद होते, ज्यांनी २ मार्च १९३० पासून त्या दारापुढे सत्याग्रह केला, त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. आंबेडकर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. वगळलेला माणूस लिहायला बसला की काय फरक पडतो, हे मुलांना यातून दिसते. याच काळात संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. तिथे पुन्हा ‘सगळे पुरुष’ असेच शब्द येत होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी ते बदलून ‘सगळे मानव’ असे करायला लावले. १९४८ च्या जाहीरनाम्यात तसेच आहे.

पण आपलेही कौतुक तिथेच थांबवत नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. कारण त्यांनी स्वतःचे नावच सांगितले नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. हक्क होता, नाव नव्हते.

पाच तासांनी काय बदलते? मी फुगवून सांगणार नाही. या वर्गातल्या एका मुलीचे दहावीनंतर लग्न ठरले, अठरा पूर्ण व्हायच्या आत. तिने स्वतः १०९८ ला फोन केला. लग्न लांबले, मोडले नाही. तिने त्यात अमेरिका वगैरे काही काढले नाही. तिला सांगणाऱ्या माणसांना ती फक्त विचारत राहिली, हे कुणी ठरवलं? मला एवढे पुरेसे वाटते, कारण ‘हे कुणी ठरवलं’ म्हणणारी मुलगी पुढे सहीचा कागदही वाचून बघते.

तुम्हाला माझी विनंती अशी. जूनमध्ये शाळा उघडतील. ओळखीच्या मुख्याध्यापकांकडे पाच तास मागा. खर्च काही नाही. फळा, खडू आणि घरोघरचे कागद, म्हणजे सातबारा, रेशनकार्ड, मतदारयादी. मुलग्यांना वर्गाबाहेर काढू नका, उद्या हक्कसोडपत्र घेऊन बहिणीकडे तेच जाणार आहेत. आणि तिसरा प्रश्न कधी टाळू नका. कुणाला वगळले एवढ्यावर थांबलात तर मुली खिन्न होऊन घरी जातात. वगळलेल्यांनी काय केले, हे सांगितले की त्या दुसऱ्या दिवशी आणखी विचारायला येतात.

आता तुमच्यापैकी कुणी असे वर्ग घेत असेल तर बोला, मला ऐकायचे आहे.